मारव्यातली अक्काची जागा

सेलूत कापसाचा हंगाम आल्याचं कॅलेंडर बघून कळत नाही, दोरीवरच्या कपड्यांवरून कळतं. दसरा उलटून जिनिंग सुरू झाल्या की काळ्या ब्लाउजवर, ओल्या टॉवेलवर, तुळशीच्या पानांवर बारीक रुई येऊन बसते. रस्त्यानं कापसाचे टेम्पो फुगलेल्या पोटानं डुलत जातात आणि बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लागून राहतात. गावाला या दिवसांत खोकला होतो. मला डूख आठवतो.

माणसानं क्षमा करायला शिकावं, असं मी नोकरीभर वर्गात शिकवलं. धडाच होता तसा, आणि पगारही त्याचाच घेतला. पण आतून मी कधी कुणाला क्षमा केलेली नाही आणि एका माणसाला तर मुळीच नाही. तो माणूस व्हायोलिन वाजवतो. फार मोठा माणूस आहे, त्याच्या नुसत्या तारा जुळवण्यालाही लोक टाळ्या देतात. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या लेखणीनं त्याची आणखी जाहिरात कशाला? सगळे पंडितजी म्हणतात, मीही तेच म्हणते.

आमचं घर मूळचं पेडगावचं. आबा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की थोडीफार शेती, आणि गावातल्या आमच्या बौद्ध पोरांची जी गायन पार्टी होती तिच्यात व्हायोलिन. ते व्हायोलिन त्यांनी एका बँडवाल्याकडून आणलं होतं आणि शिकले ते रेडिओ ऐकून. जयंतीला पार्टी वाजायची तेव्हा सगळं गाव नाचायचं. सहा डिसेंबरला मात्र पार्टी हळू वाजायची. गाणारे भिवामामा शेवटच्या कडव्याला आले की त्यांचा गळा भरून यायचा आणि आवाज मध्येच तुटायचा. आबा तिथं गज थांबवत नसत. मामांचा आवाज जिथं तुटला तिथूनच सूर उचलून ते खाली उतरायचे, गाणं जिथं टेकायला हवं त्याच्याही खाली, आणि तिथंच थांबून राहायचे. बाया पदराला डोळे पुसायच्या. भर कापसाचे दिवस असत आणि माणसं रानातून तशीच, कपड्यांना रुई चिकटलेली, येऊन बसलेली असत.

सुमनअक्का माझी मोठी बहीण. व्हायोलिन तिनं आबांकडून घेतलं आणि आबांच्या पुष्कळ पुढं नेलं. कापूस वेचायला आम्ही सगळेच जायचो, पण अक्का एकट्या उजव्या हातानं वेचायची. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं नखाच्या कडेला घुसतात, बोटं चिरतात. तारेवर ठेवायची बोटं ती डाव्या हाताची, म्हणून तो हात ती ओढणीत गुंडाळून कमरेला लावून ठेवायची. शेजारच्या पातीत, म्हणजे ओळीत, वेचणाऱ्या बाया तिची फिरकी घेत.

“काय गं सुमन, डावा हात घरी ठिवून आलीस का?”

बांधावरून आबाच उत्तर देत. “त्यो हात तारेचा हाय बाई. तेला बोंडं दाखवायची न्हाईत.”

एका हाताची वेचणी ती कितीशी होणार! अक्काची कमरेला बांधलेली कापसाची ओटी कधीच भरायची नाही आणि आई कुरकुरायची. पण तो डावा हात आमच्या घरात देवघरासारखा जपला गेला, आणि देवघर तर आमच्या घरात नव्हतंच.

वेचलेला कापूस विकेपर्यंत घरातच पडून असायचा. पुढची खोली छतापर्यंत भरायची आणि आम्ही पोरी त्याच ढिगावर लोळत रेडिओ ऐकायचो. कापसानं भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. जो सूर लागला तो तेवढाच, उघडा, ऐकू येतो आणि वादकाला कुठं लपायला जागा उरत नाही. नंतर मी चांगल्या चांगल्या सभागृहांत बसून व्हायोलिन ऐकलं, पण माणूस किती पाण्यात आहे हे त्या खोलीत कळायचं तसं कुठं कळलं नाही.

मोठमोठ्या वादकांना आबांनी आपली नावं दिली होती. एक पळणारे, एक डोलणारे आणि एक गाणारे. पळणारे सतारीसारखं व्हायोलिन वाजवायचे. गजाचे छोटे छोटे घाव घालत त्यांची गत सुरू झाली की मावळतीच्या रागातही त्यांना कुठली तरी गाडी गाठायची आहे असं वाटायचं. मी हसले की आबा म्हणायचे, “हसू नको. इतकं पळून बी धोतर सुटत न्हाई, ही काय लहान कला हाय का?” डोलणारे दक्षिणेकडचे. एकही सूर ते स्थिर म्हणून ठेवत नसत. प्रत्येकाला पाळण्यात घालून झोका द्यायचे. तोच सूर, पण त्यांच्याकडं तो नुकतं जेवून सुखावलेला वाटायचा. आणि गाणारे म्हणजे पंडितजी. त्यांचा गज श्वासासारखा चालायचा. बंदिशीचे शब्दच काय, शब्दांतली अक्षरं ऐकू यायची, ओठ मिटल्याचा आवाजसुद्धा. खोटं बोलून सूड घेण्याइतकी मी कच्ची नाही. पंडितजी थोर आहेत. थोर नसते तर इतकी वर्षं मी त्यांच्यावर दात धरून कशाला बसले असते? फडतूस माणसाचा राग दोन दिवसांत विरतो.

अक्काचा जीव मारव्यावर. मारवा दिवस मावळतानाचा राग. ज्या सुरावर सगळं गाणं येऊन टेकतं तो सा या रागात टाळत राहायचा असतो. वादक वरच्या कोमल रिषभावर उभा राहतो, ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो, आणि फार वेळानं केव्हा तरी सा हाती लागतो. पळणारे त्या सावर धावत येऊन पडायचे, डोलणारे झुलत यायचे, पंडितजी एक उसासा टाकून बसायचे. अक्का बसायचीच नाही. रिषभावर ती गज असा लांब ओढायची की आता सा येणारच असं ऐकणारा मनात म्हणायचा. मग गज न उचलता ती साला ओलांडून सरळ खाली, मंद्र धैवतावर जायची, तिथं गज हलका करायची आणि थांबायची. पुन्हा वर जाताना साला नुसतं बोट लावायची. पाहुण्यानं दारातूनच हालहवाल विचारून निघून जावं, तसं.

गाण्याबजावण्यात अशा ठिकाणाला जागा म्हणतात. राग सगळ्यांचा असतो, जागा एखाद्याचीच असते. अक्कानं ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा आबा कापसाला पाठ टेकून बसले होते, ते उठून नीट बसले.

“ही मी शिकवली न्हाई,” ते म्हणाले.

“तुमचीच हाय की आबा. सहा डिसेंबरची.”

“माझं ते रडणं हाय. तुझा मारवा हाय.”

अशाच एका हंगामात परभणीत होतकरू कलाकारांची स्पर्धा झाली. परीक्षक म्हणून पंडितजी आले. तेव्हा ते ऐन उमेदीतले, केस काळे, कुडता दुधासारखा. अक्का उजव्या घोट्यावर व्हायोलिनचं टोक टेकवून बसली आणि तिनं मारवा घेतला. मी पुढच्याच रांगेत होते. ती जागा आली तेव्हा पंडितजींचे डोळे मिटले. त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलली, खालच्या धैवतापर्यंत गेली आणि थांबली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि कोर्टात सांगायची वेळ आली तरी सांगेन.

वाजवून झाल्यावर त्यांनी विचारलं, “कुणाकडे शिकता?”

“वडिलांकडं.”

“वडील कुठे वाजवतात?”

“जयंतीला. पार्टीत.”

पंडितजी हसले. सभेकडं पाहून त्यांनी लोकांनाही त्या हसण्यात ओढलं आणि म्हणाले, “हात बरा आहे. पण हे मैदानातलं रडणं रागात आणू नका, मुली. मारव्याला स्वतःचं एक सोवळं असतं.”

सभा हसली. सोवळं हा शब्द त्यांनी कुणाकडं बघून वापरला, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. आबा मागच्या रांगेतून उठून आले, त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटीची कडी लागत नव्हती ती दोरीनं बांधली. पेडगावपर्यंत एसटीत आम्ही तिघं एका बाकावर बसून आलो.

दुसऱ्या दिवशी रानात अक्कानं डाव्या हाताची ओढणी सोडली आणि दोन्ही हातांनी कापूस वेचायला लागली. बाया खाली बघून वेचत राहिल्या. बांधावर आबा पाठ फिरवून बसले. त्या दिवशी तिची ओटी शिगोशिग भरली, आणि आई आडोशाला जाऊन रडली. डूख म्हणजे काय, ते मला त्या पातीत समजलं.

पुढं अक्काचं लग्न ताडकळसला झालं. शेतीवाडीचं घर, भला नवरा, कष्ट मात्र उदंड. तिच्या बोटांच्या टोकांना इतक्या चिरा पडल्या आणि बुजल्या की आता चहाची गरम कपबशीसुद्धा तिला पोळत नाही. मी शिकले, सेलूच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले. आबा गेले. आणि एका हिवाळ्यात गच्चीवर कपडे वाळत घालताना खाली कुणाच्या तरी रेडिओवर पंडितजींचा मारवा लागला. रिषभ आला, लांबला, लांबला, आणि साला ओलांडून मंद्र धैवतावर जाऊन थांबला. माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

मग त्या जागेची ख्याती झाली. जाणकार मंडळी तिला ‘पंडितजींचा धैवत’ म्हणू लागली. ही जागा आपल्याला नदीकाठी रियाज करताना सुचली, असं त्यांनी एका मुलाखतीत सांगितलं. नदी कुठली, ते मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं नाही. मी विचारलं असतं.

त्यांचं प्रत्येक ध्वनिमुद्रण मी ऐकलं. भक्त ऐकणार नाही इतक्या निष्ठेनं ऐकलं. अक्का खाली उतरून गज हलका करायची, पंडितजी तो जड करायचे. तिचं थांबणं माणूस गेल्यानंतरचं होतं, त्यांचं थांबणं माणूस यायचा आहे असं होतं. एका वर्षी त्यांनी ती जागा फार लांबवली, पुढं एका वर्षी इतकी आखडली की कळेपर्यंत गेलीसुद्धा. चोरी चोरीच, पण चोर गुणी होता. अक्काला मी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. जखमेवर मीठ कशाला, असा माझा विचार.

यंदा आमच्या सेलूच्या संगीतसभेनं पंडितजींचा सत्कार ठरवला. सभेचे अध्यक्ष दिगंबरराव घरी आले.

“मॅडम, मानपत्र तुमीच लिवायचं आन् तुमीच वाचायचं. तुमच्यावानी मराठी हाय कुनाची गावात?”

मानपत्र ही आपल्याकडं मोठी गमतीची वस्तू आहे. वेलबुट्टीच्या चौकटीत भारदस्त विशेषणं, वर काच, खाली अध्यक्षांची सही. ते उभं राहून मोठ्यांदा वाचायचं असतं आणि कुणी ऐकायचं नसतं. वाचन चालू असताना लोक शेजाऱ्याची खुशाली विचारतात, हार-नारळाची जुळवाजुळव होते, आणि आवाज थांबला की टाळ्या पडतात. गावातली कितीतरी मानपत्रं मी लिहिली, पण एकाही सत्कारमूर्तीला त्यातलं वाक्य आठवत नाही. त्यांच्या घरी मात्र ती दिवाणखान्यात टांगलेली असतात.

म्हटलं, आता सापडलात.

पहिले दोन परिच्छेद मी चालीप्रमाणे लिहिले, स्वरभास्कर वगैरे. तिसरा असा लिहिला: ‘मारव्यात रिषभावरून थेट मंद्र धैवतावर उतरण्याची जी जागा आज आपल्या नावानं ओळखली जाते, ती पेडगावच्या आश्रोबा मास्तरांच्या सुमन या मुलीनं परभणीच्या स्पर्धेत आपल्यासमोर वाजवली होती. आपण तिला मैदानातलं रडणं म्हणालात. ते रडणं आपण इतकी वर्षं जिवापाड सांभाळलंत, याबद्दल हा जिल्हा आपला ऋणी आहे.’

दिगंबररावांना दाखवलं. त्यांनी चौकट पाहिली, अक्षर पाहिलं आणि म्हणाले, “वा! लय भारी झालंय!” आणि सही केली.

त्याच आठवड्यात अक्काचा फोन आला. “मंगल, पंडितजी येनार हायेत मनं सेलूला. मला यायचंय.” मला आनंदच झाला. वार करताना ज्याच्यासाठी करायचा तो समोर असावा. अक्काला मी पहिल्या रांगेत बसवलं. नवी साडी नेसली होती, दोन्ही हात पदराखाली.

शाळेच्या मैदानात मांडव होता. ऊन कलत आलं होतं. मी उभी राहिले आणि वाचलं. तिसऱ्या परिच्छेदालाही लोक एकमेकांशी बोलतच होते. हाराची पिशवी कुठं ठेवली याची शोधाशोध चालली होती. वाचून झालं आणि टाळ्या पडल्या. कुणालाच काही कळलं नव्हतं.

पंडितजींना कळलं होतं. ते आता पार पिकले आहेत, पण कान शाबूत. त्यांच्या चेहऱ्यावरचं सत्काराचं हसू जिथल्या तिथं राहिलं आणि डोळे तेवढे विझले. चौकट हातात घेताना त्यांनी हळूच विचारलं, “त्या आहेत इथं?”

“पहिल्या रांगेत,” मी म्हणाले. “नवी साडी.”

त्यांनी पाहिलं. अक्कानं पदराखालून हात काढून नमस्कार केला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. इतक्या वर्षांचं उट्टं त्या एका क्षणात निघालं, आणि सांगते, फार गोड लागलं. कुणी म्हणतं सुडानं समाधान मिळत नाही. त्यानं घेतलेला नसणार.

मग ते वाजवायला बसले. मारवाच जाहीर झाला होता, बदलता येत नव्हता. सूर तसाच, ओठ मिटल्याचा आवाज ऐकू येणारा. रिषभ आला. गज लांबला. सगळा मांडव पुढं सरकून बसला, कारण लोक त्या जागेसाठीच आले होते. पंडितजींनी डोळे उघडले, पहिल्या रांगेकडं पाहिलं आणि सावर येऊन बसले. सगळे बसतात तसे. पुन्हा रिषभ आला आणि पुन्हा सावर आले. शेवटपर्यंत खाली गेलेच नाहीत.

“आज ती जागाच घेतली न्हाई,” मागं कुणीतरी पुटपुटलं. मला उठून नाचावंसं वाटलं.

अक्काच्या गालावरून पाणी वाहत होतं. मी समजले, सुखाचं असेल.

घरी जाताना आम्ही दोघी पायी निघालो. मीच बोलत होते. त्यांचं तोंड कसं उतरलं, चौकट कशी जड झाली, आबा असते तर काय म्हणाले असते. अक्का ऐकत होती. बाजार समितीपाशी ती थांबली.

“मला ठावं हुतं गं,” ती म्हणाली. “पहिल्या डावाला ऐकली तवाच वळखली. माझीच हाय मनून.”

“मग मला बोलली का नाहीस इतकी वर्षं?”

“तू भांडशील मनून.”

मी काही म्हणणार, तोच ती पुढं बोलायला लागली. इतकं सलग बोलताना मी तिला क्वचितच ऐकलं आहे. “पराटीत कापूस येचायला गेलं की मी मोबाइल कमरेला खोसायचे आन् तेंचाच मारवा लावायचे. दर साली येगळी वाजवायचे ते. एका साली खाली जाऊन इतकं थांबले, मी हातातलं बोंड तसंच धरून हुबी. मनलं, आता म्होरच्या साली काय करतेल? माझ्या हातात असती तर मी बी असंच केलं असतं. माझी बोटं गेली मंगल. तेंच्या बोटात वाढायली हुती ती. आज बगायला आले हुते, केवडी झालीय ती.”

“रेकॉर्डिंग आहेत की मोबाइलवर. केव्हाही ऐक.”

“रेकॉर्डातली वाढत न्हाई,” अक्का म्हणाली आणि चालायला लागली.

इथं मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं, तर लेख गोड होईल. तो झालेला नाही. त्या मांडवात उद्या पुन्हा उभं केलं तर मी तिसरा परिच्छेद आणखी सावकाश वाचीन. सोवळ्याच्या गोष्टी त्यांनी सांगाव्यात आणि आम्ही त्यांच्या नदीच्या गोष्टी ऐकाव्यात, हा सौदा मला मान्य नाही. नाव जिचं तिला मिळालं पाहिजे, आणि ते मी मिळवून दिलं.

परवा कुठल्याशा मोठ्या शहरातला पंडितजींचा कार्यक्रम मोबाइलवर थेट दाखवत होते. मी दार लावून ऐकला. मारवा होता. रिषभ लांबला, मी श्वास धरला, आणि ते सावर येऊन बसले. तिथं त्यांची चोरी ओळखणारं कुणी नव्हतं, पहिल्या रांगेत अक्का नव्हती, तरीही बसले.

आज सकाळी ताडकळसहून फोन आला. वेचणी चालू होती, मागं बायांचा कालवा ऐकू येत होता.

“मंगल, पंडितजींचं नवीन काई आलंय का गं मोबाइलात?”

“नाही अक्का,” मी म्हणाले. “अजून काहीच नाही आलेलं.”